वंडूरच्या जेटीवर चिवड्याची पिशवी

वंडूरच्या जेटीवर सकाळी आठच्या सुमारास एक छोटं नाट्य रोज रंगतं. वनखात्याची माणसं पर्यटकांच्या पिशव्या तपासत असतात. पिशवीतून बिस्किटांचे पुडे निघतात, वेफर्स निघतात, केळी गुंडाळलेली कॅरीबॅग निघते आणि गिऱ्हाईक मराठी असेल तर हमखास चिवडा निघतो. चिवड्याला कुणाची हरकत नसते, हरकत पिशवीला असते. मग कुणाच्या तरी सामानातला स्टीलचा डबा शोधला जातो, चिवडा त्यात ओतला जातो आणि रिकामी पिशवी जेटीवरच राहते. पिण्याच्या पाण्याची बाटली न्यायची असेल तर अनामत रक्कम भरायची, परतल्यावर तीच बाटली दाखवायची आणि पैसे परत घ्यायचे. बेटावर चहाची टपरी नाही, दुकान नाही, मुक्कामाची सोय तर नाहीच. जे लागेल ते न्यायचं नव्हे, तर जे परत आणता येईल तेवढंच न्यायचं.

हे आहे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. दक्षिण अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर, श्री विजयपुरमपासून (म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरपासून) रस्त्याने तिसेक किलोमीटरवर वंडूर गाव आहे आणि तिथून पुढे पाण्यात हे उद्यान पसरलेलं आहे. १९८३ साली त्याची स्थापना झाली. कच्छच्या आखातातलं सागरी उद्यान देशातलं पहिलं, त्याच्या पाठोपाठ हे. क्षेत्रफळ २८१.५ चौरस किलोमीटर, लहान-मोठी बेटं १५. त्यांतली पर्यटकांसाठी दोनच, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय उघडं असतं, उरलेल्या काळात रेड स्किन. एका बेटाभोवतालच्या प्रवाळाला माणसांपासून सुट्टी मिळावी, हा त्यामागचा विचार. सोमवारी दोन्ही बंद.

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत हे नाव सहसा तिसरं-चौथं असतं. पहिलं अर्थातच सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी पाहायची, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ पाहायचा, मग हॅवलॉक, मग जमलं तर जॉली बॉय. आणि ते ‘जमलं तर’ बहुतेक वेळा जमत नाही. कारण वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो, रोज किती माणसं जाणार याला मर्यादा असते, आणि ऐन वेळी टॅक्सीवाल्याला विचारलं की तो सरळ नॉर्थ बेचं नाव पुढे करतो. ज्याला सागरी उद्यान खरोखर पाहायचं आहे त्याने ते सहलीच्या शेपटाला बांधू नये. आधी त्याचा दिवस ठरवावा आणि बाकीची सहल त्याभोवती रचावी. दिवस कसा ठरवायचा, हा मात्र नुसत्या सुट्ट्यांचा हिशेब नाही.

शाळेच्या कॅलेंडरला दोन मोठ्या सुट्ट्या असतात, दिवाळी आणि मे. समुद्राच्या कॅलेंडरला दोन्ही अडचणीच्या. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, नेमकी जॉली बॉय उघडण्याच्या उंबरठ्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही हंगाम. डिसेंबर २०१६ मध्ये असंच एक वादळ घोंगावलं आणि हॅवलॉक व नील या बेटांवर चौदाशेच्या आसपास पर्यटक अडकले. बोटी बंद, दुसरी वाट नाही. शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कुठल्याही लांबच्या बेटावर असू नये, हा अंदमानचा अलिखित नियम आहे. मे महिन्याचं वेगळंच. मोसमी पाऊस केरळात पोचण्याच्या आठवडा-दहा दिवस आधी अंदमानात उतरतो, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी एप्रिल-मे मध्ये वारा पडलेला, समुद्र आरशासारखा आणि पाणी वर्षातलं सर्वांत कोमट. पोहायला ते छान. प्रवाळाला मात्र तोच काळ सर्वांत कठीण, आणि त्याचं कारण पुढे येईलच. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा सुवर्णमध्य. पाणी नितळ, पाऊस नगण्य. दहावी-बारावीवाल्या घरांनी यावर उसासा टाकावा, इतकंच.

महिना ठरला की तिथी पाहायची. इथे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कोकण किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत. चतुर्थी म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमी म्हणजे सहाच्या. हे गणित अंदमानात जसंच्या तसं चालवायला जाऊ नये, कारण भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या घरात चढउतार करतं, पोर्ट ब्लेअरला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण तत्त्व तेच राहतं. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, तळाची वाळू ढवळली जाते आणि काचेच्या तळाच्या होडीतून पाहिलं तर दुधाळ धुकं दिसतं. भांगाच्या दिवसांत पाणी निवांत असतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात अष्टमीच्या आजूबाजूचा, सोमवार नसलेला दिवस शोधणं हे कुठल्याही पर्यटन कंपनीच्या पॅकेजपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

उरला सूर्य. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. अंदमान ९२.७ अंशांवर, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीसेक मिनिटं पुढे. मुंबई ७२.८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ तितकीच मागे. एका घड्याळावर चालणाऱ्या या दोन गावांत सूर्याचा फरक ८० मिनिटांचा आहे. जानेवारीत मुंबईत सव्वासात वाजता लोक दूध घ्यायला बाहेर पडतात तेव्हा अंदमानात ऊन चांगलं चढलेलं असतं, आणि संध्याकाळी सव्वापाचला तिथे दिवेलागण होते. भर दुपार बारानंतर नव्हे, तर साडेअकराच्या सुमारासच होते. पाण्याखालचं काही पाहायचं असेल तर किरण जितके सरळ खाली पडतील तितकं बरं, कारण तिरपे किरण पृष्ठभागावरूनच परततात. म्हणून वंडूरहून बोटी सकाळी लवकर निघतात आणि म्हणून सकाळची पहिली फेरी सोडून नाश्त्याला जास्त वेळ देणारा माणूस, पैसे तेच भरून, कमी पाहतो.

वंडूर ते जॉली बॉय हा प्रवास तासाभराचा. बेटांच्या मधून बोट जाते, दोन्ही बाजूंना झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, मधूनच कांदळवन. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट जरा दूर थांबते आणि तिथून काचेच्या तळाच्या छोट्या होडीत बसवून माणसांना किनाऱ्यावर नेतात. बसायला दोन बाजूंना फळ्या, मध्ये लाकडी चौकट, तिच्यात काच. सगळे वाकून एकाच काचेत पाहतात, विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे.

आणि पहिल्या दोन मिनिटांत बहुतेकांची निराशा होते. पोस्टरवर जांभळं-गुलाबी-केशरी प्रवाळ पाहिलेलं असतं आणि काचेखाली दिसतं ते करडं, मातकट, शेवाळी. ‘कोरल मेलंय वाटतं’ असा शेरा येतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

प्रवाळ हा खडकही नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. बहुतेकदा तांदळाच्या दाण्याएवढा, पिशवीसारखं शरीर, तोंडाभोवती इवलेसे स्पर्शक. असे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि आपल्या बुडाशी चुन्याचा ओटा बांधत जातात. या जीवांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. त्या बदल्यात निवारा आणि खत मिळतं. प्रवाळाचा तो मातकट रंग या भाडेकरूचा आहे. म्हणजे तपकिरी, शेवाळी, मधासारखं दिसणारं प्रवाळ हे खातंपितं, धडधाकट प्रवाळ. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक देहातून खालचा चुना लख्ख दिसू लागतो. होडीतली माणसं तेव्हाच ‘काय सुंदर पांढरं आहे’ म्हणतात. ते उपाशी प्रवाळ असतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही तर मरतं, आणि मग त्याच्यावर खरं शेवाळ चढतं.

अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर १९९८ साली झालं, २०१० च्या एप्रिल-मे मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळ पांढरं पडण्याच्या चौथ्या लाटेची घोषणा केली. मेच्या सुट्टीबद्दल वर जी कुरकुर केली ती यासाठी. आधीच तापाने फणफणलेल्या माणसाच्या घरी पाहुणे म्हणून जाण्यासारखं ते आहे.

रंग फिके दिसण्याचं आणखी एक कारण पाण्यातच आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं. पाच-सात मीटर खाली गेलं की लाल वस्तू करडी दिसू लागते. पोस्टरवरचे रंग छायाचित्रकाराने पाण्याखाली नेलेल्या दिव्याचे असतात. मोबाइल काचेला चिकटवून काढलेल्या फोटोत ते उतरणार नाहीत, तेव्हा तो खिशात ठेवून डोळ्यांनी पाहणं शहाणपणाचं.

काय पाहायचं हे माहीत असेल तर काचेखालचा अर्धा तास अपुरा वाटतो. अंदमान-निकोबारच्या पाण्यात कठीण प्रवाळाच्या चारशेहून जास्त जाती सापडतात. सगळ्या ओळखायची गरज नाही, दोन ठेवणी ओळखल्या तरी पुष्कळ. एक सांबराच्या शिंगांसारखी फांद्याफांद्यांची. ही वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढते आणि पायाच्या धक्क्याने काडीसारखी मोडते. दुसरी घुमटासारखी, गोलसर दगडासारखी. ही वर्षाला सेंटिमीटरभर वाढते. एखादा घुमट मध्यापासून कडेपर्यंत मीटरभर असेल तर त्याचं वय शंभरीच्या घरात जातं. म्हणजे सावरकर सेल्युलर जेलमध्ये होते, १९११ ते १९२१, त्याच काळात त्याचा पहिला जीव तळाला चिकटला असण्याची शक्यता आहे. त्यावर उभं राहून फोटो काढायचा मोह होणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा.

होडी जरा थांबली आणि इंजिन बंद झालं तर काचेखालून बारीक कटकट ऐकू येते. तो पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि चुना दळून मागच्या बाजूने सोडून देतो. मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. जॉली बॉयच्या ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर माणसं टॉवेल पसरून लोळतात, तिचा बराचसा भाग या कारखान्यातून आलेला आहे. हे पोरांना सांगितलं की ती टॉवेल झटकून उठतात आणि मग खुशीत पुन्हा पसरतात. समुद्रफुलाच्या झुपक्यात ये-जा करणारा केशरी-पांढरा मासा मात्र सांगावा लागत नाही. सिनेमाने त्याचं नाव ‘नीमो’ करून टाकलं आहे.

एक शंका सासूबाई हमखास काढतात: ‘हेच का अंगठीतलं पोवळं?’ नव्हे. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येतं. तो प्रवाळांचाच दूरचा नातलग, पण खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढणारा, शैवालाशिवाय जगणारा आणि असे ओटे न बांधणारा.

यातलं काही घरी आणायचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला, म्हणजे कायद्याच्या लेखी किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा आणि वाघाची कातडी एकाच पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रात चुन्याचा तुकडा स्पष्ट दिसतो आणि ‘मुलाने खिशात टाकला असेल’ ही सबब तिथल्या लोकांनी हजारदा ऐकलेली आहे. शंख-शिंपल्यांतही काही जाती संरक्षित आहेत. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती त्यामुळे जपून ठेवावी. किनाऱ्यावरचा रिकामा शंखही रिकामा असतोच असं नाही. शंखवासी खेकडे तसलीच घरं शोधत हिंडत असतात, आणि वाढत्या वयाबरोबर त्यांनाही मोठी जागा लागते.

ज्यांना काचेवर समाधान नाही त्यांच्यासाठी स्कूबा. ते उद्यानात नव्हे, तर मुख्यतः हॅवलॉक आणि नील इथे. २०१८ पासून या बेटांची अधिकृत नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, पण बोलताना अजून जुनीच. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि तिथल्या फॉर्मवर खरं लिहावं. सहलीच्या क्रमावर परिणाम करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो. लगेच विमानात बसलं तर कमी दाबात सोड्याच्या बाटलीचं बूच उघडावं तसे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास उड्डाण टाळावं, असा प्रचलित संकेत आहे. बहुतेक शिक्षक सरळ २४ तास सांगतात. म्हणून पाण्याखालचं सगळं सहलीच्या आधीच्या दिवसांत उरकावं आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी ठेवावं. १९०६ पासून ती इमारत तिथेच आहे, चार दिवसांनी कुठे जाणार नाही. मराठी मनाला हा क्रम पटायला जड जातो, हे मान्य.

मालवण-तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. मालवणलाही सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला पोटात घेऊन. तिथेही तळाला प्रवाळ आहे. फरक पाण्याच्या नितळपणात आहे आणि शिस्तीतही. मालवणच्या अभयारण्यातून पिढ्यान्‌पिढ्यांची मच्छीमारी चालते आणि माणसांची ये-जा अखंड असते. जॉली बॉयला काही तासांनी बेट रिकामं होतं. ही तुलना थोडी अन्यायाचीच आहे, कारण मालवणच्या किनाऱ्यावर माणसं घरंदारं करून राहतात आणि जॉली बॉयवर कुणीच राहत नाही.

सामानाबद्दल दोनच सूचना. उन्हासाठी अंगाला थापायची क्रीम कमी आणि पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे जास्त न्यावेत. क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून पलाऊने २०२० मध्ये आणि हवाईने २०२१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. दुसरी सूचना लाइफ जॅकेटची. २६ जानेवारी २०१४ रोजी अंदमानातच, रॉस बेटाजवळ, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटून २१ पर्यटक गेले. जॅकेटच्या नाड्या बांधायच्या असतात, ते मांडीवर घेऊन बसायचं नसतं.

वंडूरला परतल्यावर लगेच गाडीत न बसता शेजारच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं चालावं. मोठमोठे ओंडके वाळूत आडवे पडलेले दिसतात, काही मुळांसकट. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली आणि समुद्र कायमचा आत आला. खाऱ्या पाण्यात उभी झाडं वाळली, मग पडली. उत्तर अंदमानात नेमकं उलट झालं. तिथे जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळाचे पट्टेच्या पट्टे उघड्यावर येऊन उन्हात मेले. एकाच सकाळी एका टोकाला झाडं बुडाली आणि दुसऱ्या टोकाला प्रवाळ कोरडं पडलं. ओंडक्यांच्या पलीकडे समुद्रात जाळं लावून पोहण्याची जागा आखलेली असते. ते जाळं मगरींसाठी आहे. खाऱ्या पाण्यातली मगर कांदळवनातून निघून उघड्या समुद्रातही फिरते, आणि २०१० मध्ये हॅवलॉकला तिने एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा बळी घेतला होता. जाळ्याबाहेर पोहू नका, असा फलक असतो. तो गंभीरपणे घ्यावा.

जेटीवर तोवर बाटल्यांची मोजणी चाललेली असते. बाटली दाखवली की अनामत हातात पडते. चिवड्याचा डबा रिकामा, तळाशी चार शेंगदाणे आणि थोडी पांढरी वाळू. घड्याळात दोन वाजलेले असतात, पण ऊन कलायला लागलेलं असतं. सूर्यास्त चिडिया टापूवरून पाहायचा तर पाचच्या आत पोचायला हवं, आणि जेवण अजून व्हायचं असतं. त्यावरून गाडीत वाद सुरू होतो.